‘जरा थांबता का?’

शुक्रवार होता. संध्याकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं. माझी ऑफिसची वेळ दहा ते सहा. मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला होता, डबा पिशवीत टाकला होता. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “जरा थांबता का? अर्धा तास.”

तो अर्धा तास रात्री अकरा वीसला संपला. माझ्या भागात जाणारी शेवटची सिटी बस सव्वादहाला सुटते. रिक्षाला एकशे ऐंशी रुपये गेले. त्या काळात माझ्या एका दिवसाच्या पैशातून ते वजा केले, तर मी त्या दिवशी तेरा तास कशासाठी बसलो होतो असा प्रश्न पडावा.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. ‘जरा थांबता का?’ एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी साडेतीन वर्षं कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर आहे. या साडेतीन वर्षांत मला जादा वेळ थांबण्याचा आदेश एकदाही मिळालेला नाही. मिळाल्या त्या फक्त विनंत्या. आदेश मिळाला असता तर बरं झालं असतं. आदेशावर तारीख असते, जावक क्रमांक असतो, खाली सही असते. आदेश दाखवून पैसे मागता येतात, रजा मागता येते, निदान घरी दाखवता येतो. विनंतीचं तसं नाही. ती हवेत विरते. राहतं काय, तर तुम्ही थांबलात, म्हणजे तुम्ही स्वतःहून थांबलात.

खिडकी नंबर चार

तुम्ही मला पाहिलेलं आहे. मार्कशीटवर आईचं नाव चुकलं म्हणून, मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासाठी तुम्ही विद्यापीठात आला होता, तेव्हा खिडकीपलीकडे जो माणूस मान वर न करता “झेरॉक्स जोडली का?” असं विचारत होता, तो मी. आमच्यावर मीम्स निघतात. ‘लंच टाइम झाला, दोनला या’वाले. मीही हसतो त्यांच्यावर. काही मीम्स खरीच चांगली असतात.

आणि मी स्वतः विद्यार्थी असताना काय वेगळा होतो? माझा तिसऱ्या वर्षाचा निकाल रखडला होता, तेव्हा मी फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली होती. त्यात एक वाक्य होतं: ‘विद्यापीठात सगळे झोपलेत का?’ भरपूर लाईक्स मिळाले होते. पुढे मी त्याच प्रकारच्या ऑफिसात नोकरीला लागलो आणि मला उत्तर मिळालं. कोणी झोपत नव्हतं. अडचण नेमकी तीच होती.

निकाल म्हणजे काय, हे बाहेरून दिसत नाही. परीक्षेचे फॉर्म येतात, त्यातल्या चुका दुरुस्त होतात, सीट नंबर पडतात, हॉल तिकिटं निघतात, केंद्रांना साहित्य जातं. पेपर झाल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, त्यांचं मास्किंग होतं, कॅप सेंटरला तपासणी होते, मार्क येतात. मग अंतर्गत गुण जुळवायचे. कुठल्या तरी कॉलेजने प्रॅक्टिकलचे मार्क पाठवलेलेच नसतात, त्यांच्यामागे लागायचं. मग लेजर, मग ग्रेसचे नियम, मग एटीकेटीवाले, मग जुन्या पॅटर्नचे रिपीटर. प्राध्यापक पेपर तपासतात, हे खरंच. पण त्या मार्कांचा निकाल होईपर्यंत मधे जी पन्नास हातांची साखळी असते, त्यातले बहुतेक हात आमचे.

पूर्वी वार्षिक परीक्षा असायची. आता सेमिस्टर. म्हणजे हीच साखळी वर्षातून दोनदा, आणि नापासांच्या परीक्षा धरल्या तर जवळपास सतत. एका पॅटर्नची मुलं संपत नाहीत तोवर दुसरा पॅटर्न येतो, आणि दोन्ही एकाच टेबलावर चालतात. टेबल मात्र वाढत नाही. आमच्या विभागात मी लागलो तेव्हा कायमस्वरूपी सहा लिपिक होते. त्यातले तीन निवृत्त झाले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत. एका एजन्सीमार्फत आम्ही दोघं आलो, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. मधे एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. सहा माणसांचं काम पाच जणांवर आलं, आणि कामही तोवर दुप्पट झालं होतं. हा हिशेब दहा ते सहामध्ये बसत नाही, हे कोणालाही बोटांवर मोजता येईल. तो बसवण्यासाठीच ‘जरा थांबता का’ हे वाक्य आहे. न भरलेल्या पदाचा पगार कुठून तरी वाचतो, आणि तो आमच्या संध्याकाळींतून वाचतो.

पंचेचाळीस दिवस

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात निकालाची मुदत लिहिलेली आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावायचा. ही तरतूद विद्यार्थ्यांच्या भल्याची आहे आणि ती असलीच पाहिजे. पुढच्या प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. पण कायद्याने निकालाला मुदत दिली, तशी ती मुदत पाळणाऱ्या माणसांची संख्या बांधून दिली नाही. तिथे सगळा भार ‘सहकार्या’वर आहे.

२०१७ साली मुंबई विद्यापीठात काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, कदाचित तुम्हीच त्यात अडकला असाल. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एका झटक्यात लागू केली गेली. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती हुकली. निकाल महिनोन्‌महिने लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षाची आठवण निघाली की आपल्याला कुलगुरू आठवतात, सॉफ्टवेअर आठवतं, मुदत आठवते. निर्णय वर झाला होता. पण त्या निर्णयाबद्दल विद्यार्थ्यांनी जाब कुठे विचारायचा? खिडकीवर. कारण विद्यापीठाचा हात लागेल असा भाग म्हणजे फक्त खिडकी.

शब्दांचा हिशेब

मला पगार मिळत नाही. मला ‘एकत्रित मानधन’ मिळतं. मराठीत ‘मानधन’ हा किती सुंदर शब्द आहे. व्याख्यान द्यायला आलेल्या पाहुण्याला नारळ आणि शाल देऊन जे पाकीट हातात ठेवतात, ते मानधन. त्याला घासाघीस शोभत नाही. माझ्या पैशाला मानधन म्हटलं की त्याचे तास मोजणं आपोआप अशिष्ट ठरतं. आशाताई, अंगणवाडीताई यांनाही याच शब्दात बांधून ठेवलं आहे. ज्याला कमी द्यायचं, त्याला मान द्यायचा, अशी ही सोय.

दुसरा शब्द ‘शिक्षकेतर’. हा मी रोज फायलींवर लिहितो. एका मोठ्या वर्गाचं नाव तो काय नाही यावरून ठेवलं आहे. ग्रंथालयातला, प्रयोगशाळेतला, आस्थापनेतला, वसतिगृहातला, बागेतला, गेटवरचा, सगळे मिळून ‘इतर’. घरात पाहुणे आल्यावर ‘आणि इतर मंडळी’ म्हणतात ना, तसे. आणि त्या इतरांतही आम्ही कंत्राटी म्हणजे इतरांचे इतर. कायम कर्मचाऱ्यांना सेवाशर्तींची १९८४ची प्रमाण संहिता तरी आहे. माझ्याकडे एजन्सीचं दोन पानी पत्र आहे. त्यात कामाची वेळ दहा ते सहा लिहिली आहे आणि त्याखालीच लिहिलं आहे, ‘कार्यालयाच्या गरजेनुसार कार्यालयीन वेळेव्यतिरिक्तही काम करावे लागेल.’ म्हणजे वरच्या ओळीने जे दिलं, ते खालच्या ओळीने परत घेतलं. मग वरची ओळ लिहिलीच कशाला?

हा ‘इतर’पणा नुसता भाषेत नाही, तो कायद्यातही येऊन गेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या मुलींच्या कॉलेजसाठी बस चालवणाऱ्या दोन ड्रायव्हरांना, बस तोट्यात चालतात म्हणून, कामावरून काढण्यात आलं. कामगार न्यायाधिकरणाने ड्रायव्हरांच्या बाजूने निवाडा दिला. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राम नाथ’ या नावाने १९६३ साली त्याचा निकाल लागला आणि ड्रायव्हर हरले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले मराठी प. बा. गजेंद्रगडकर. कामगारांच्या प्रश्नांवर त्यांचा अधिकार मोठा होता, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा की, शिक्षणाचं काम मुख्यतः शिक्षकांच्या जोरावर चालतं, बाकीच्या कर्मचाऱ्यांचा त्यातला वाटा गौण आणि नगण्य आहे, म्हणून विद्यापीठ हा ‘उद्योग’ नाही, म्हणून या ड्रायव्हरांना औद्योगिक कायद्याचं संरक्षण नाही.

गंमत बघा. ड्रायव्हरने बस चालवली नाही तर मुली कॉलेजात पोचणार नाहीत. तरी त्याचा वाटा नगण्य.

पंधरा वर्षांनी, १९७८ साली, बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत बाजूला सारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने सांगितलं की शिक्षणसंस्थाही उद्योगाच्या व्याख्येत येऊ शकते, आणि शिक्षक भले कामगार नसतील, पण तिथले इतर कर्मचारी कामगार आहेत. पुढे या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे सोपवण्यात आला. पण माझा मुद्दा कोर्टाचा नाही. कागदावर १९६३चा निकाल मागे पडला, ऑफिसात नाही. आजही ‘जरा थांबता का’ म्हणणाऱ्याच्या मनात एक गृहीतक असतं: याची संध्याकाळ नगण्य आहे.

अकरा अठ्ठेचाळीस

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी हिवाळी परीक्षेचा निकाल त्रेचाळिसाव्या दिवशी लावायचा होता. आम्ही सलग नऊ रात्री थांबलो. वडापाव आणि चहा विभागाच्या खर्चाने, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. निकाल लागला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांनी हात जोडल्याच्या तीन इमोजी टाकल्या.

आठवड्याने एक मुलगी खिडकीवर आली. सोबत वडील. गावाहून तीन तास एसटीने आलेले. तिच्या मार्कशीटवर एका विषयात गैरहजर असा शेरा होता. ती म्हणत होती, मी पेपर दिलाय. असं म्हणणारे रोज येतात, त्यातले काही खोटंही बोलतात. मी नेहमीप्रमाणे अर्ज लिहून द्या म्हणालो. ती पुन्हा आली, पुन्हा तीन तास. तिसऱ्या खेपेला मी केंद्राचा हजेरीपट काढला. तिची सही होती. तपासलेली उत्तरपत्रिकाही सापडली. तिला ४६ मार्क होते. एन्ट्री करताना वरच्या ओळीतल्या गैरहजर मुलाचा शेरा तिच्या ओळीत पडला होता.

तोवर तिच्या पुढच्या प्रवेशाची तारीख उलटून गेली होती.

सिस्टिममध्ये लॉग पाहिला. युजर माझा. वेळ: रात्रीचे ११ वाजून ४८ मिनिटं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. त्यात लिहिलं होतं की अमुक दिनांकास रात्री ११.४८ वाजता आपण केलेल्या चुकीच्या नोंदीमुळे विद्यार्थिनीचे शैक्षणिक नुकसान झाले असून हा गंभीर हलगर्जीपणा आहे, खुलासा तीन दिवसांत करावा. मी ती नोटीस किती तरी वेळा वाचली. दहा ते सहा काम करणारा माणूस रात्री ११.४८ला त्या खुर्चीत काय करत होता, हा प्रश्न त्या कागदात कुठेच नव्हता. नऊ रात्री मी थांबलो त्याची कुठल्याही रजिस्टरला नोंद नाही, पैसे नाहीत, बदली रजा नाही. माझा जादा वेळ विद्यापीठाने लेखी मान्य केला तो आयुष्यात एकदाच, आणि तो माझ्यावर आरोप ठेवण्यासाठी.

चूक माझीच होती. ती मी खुलाशात कबूल केली. त्या मुलीच्या वडिलांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही, उलट ‘साहेब, आता होईल ना?’ असं विचारलं. तो ‘साहेब’ अजून टोचतो. पण म्हणूनच मला सांगायचं आहे की आमच्या तासांचा प्रश्न हा फक्त आमचा नाही. चौदाव्या तासाला माणूस जे काम करतो, त्याची किंमत कोणी तरी चुकवतं. बहुतेक वेळा ते तुम्ही असता.

‘पण विद्यार्थ्यांचं नुकसान’

आता या विषयावर ऐकलेल्या उत्तरांकडे येतो. पहिलं आणि सगळ्यात जड उत्तर: विद्यार्थ्यांचं नुकसान होईल. हे वाक्य आलं की आमच्या विभागात सगळ्यांच्या माना खाली जातात, कारण सगळ्यांच्या घरी मुलं आहेत. पण विद्यार्थ्यांची एवढी काळजी असेल तर तीन रिकाम्या जागा का भरल्या जात नाहीत? परीक्षेचं वेळापत्रक काही वळवाच्या पावसासारखं अचानक येत नाही. डिसेंबरात निकालाचं काम येणार, हे जूनमध्ये माहीत असतं. जे सहा महिने आधी माहीत असतं, ते संध्याकाळी पाच पन्नासला ‘अर्जंट’ कसं होतं?

दुसरं उत्तर: प्राध्यापकही रात्री पेपर काढतात, तपासतात. तपासतात, आणि त्यांच्यातल्या सीएचबीवाल्या, तासिका तत्त्वावरच्या लोकांचे हाल तर आमच्याहून वाईट आहेत. पण उत्तरपत्रिकेमागे ठरलेला दर असतो, तो कितीही तुटपुंजा असो. माझ्या रात्रीला दर नाही. आणि दुसऱ्याचंही शोषण होतंय, हे माझ्या शोषणाचं समर्थन कसं होऊ शकेल?

तिसरं उत्तर: सरकारी जावई, वर्षभर चहा पिता, चार दिवस थांबलात तर बिघडलं काय? हे उत्तर बाहेरून येतं, नातेवाइकांकडून जास्त. कामचुकार माणसं आमच्यात नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांना कोणी ‘थांबता का’ म्हणत नाही. थांबवलं जातं ते काम येणाऱ्याला. ज्याला एक्सेल येतं तो अडकला.

चौथं उत्तर तुमच्या पिढीचं, म्हणजे माझ्याही: खासगीत सगळेच बारा तास करतात, आयटीत बघा. बरोबर. पण आठ तास हे काही आकाशातून पडलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले तेव्हा १८९०मध्ये ती मिळाली. आठवड्याचे ५४ तास ४८वर आले ते १९४६च्या कायदादुरुस्तीने, आणि त्या वेळी मजूरखातं होतं डॉ. आंबेडकरांकडे. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम झालं तर दुप्पट दराने मोबदला ठरवला. विद्यापीठातल्या डेटा एन्ट्री ऑपरेटरला ते कलम थेट लागत नाही, कारण विद्यापीठ हा कारखाना नाही. पण ‘जादा तास फुकट नसतो’ हे तत्त्व गिरणीत पटलं, ते विद्येच्या मंदिरात का पटू नये? २०१८मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं, तेव्हा त्यावर बरेच विनोद झाले. आमच्या ग्रुपचं नाव ‘परीक्षा विभाग अर्जंट’ आहे आणि त्यावर रविवारी सकाळी सात वाजता मेसेज येतो. मला त्या विधेयकावर हसू येत नाही.

पाचवं उत्तर सगळ्यात गोड: आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कोणाला अकरा महिन्यांची ऑर्डर देत नाहीत.

कुलूप

आमच्या विभागात एक मामा आहेत, शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणतात. सकाळी सगळ्यांच्या आधी कुलूप उघडायचं, संध्याकाळी सगळ्यात शेवटी लावायचं. म्हणजे आमच्यातला जो सगळ्यात उशिरापर्यंत थांबेल, तेवढा वेळ मामा थांबणार. माझे नऊ दिवस, मॅडमचे चार दिवस, साहेबांचे दोन दिवस, हे सगळे मिळून मामांचे दिवस. नॅकची समिती येणार होती तेव्हा तीन आठवडे हेच चाललं होतं. फायलींना रंगीत लेबलं, भिंतींना रंग, कुंड्या, रांगोळी. समितीसमोर सादरीकरणात ‘कर्मचारी कल्याण’ नावाची एक स्लाइड होती. ती स्लाइड मी रात्री साडेदहाला बनवली. मामा बाहेर बाकावर पेंगत होते.

मॅडमची मुलगी चार वर्षांची आहे. पाळणाघर साडेसहाला बंद होतं. थांबायचं ठरलं की मॅडम जाऊन तिला घेऊन येतात आणि ती रद्द झालेल्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढत बसते. एकदा मी विचारलं, “काय काढलंस गं?” म्हणाली, “मामांचं कुलूप.” सगळे हसलो. मॅडम नाही हसल्या.

बायकांना थांबवणं वेगळं असतं. रात्री घरी कसं जायचं, हा प्रश्न ‘जरा थांबता का’ विचारणारा कधीच विचारत नाही. आणि नाही म्हटलं की ‘लेडीज स्टाफचा हाच प्रॉब्लेम’ हे ऐकावं लागतं.

काय हवं आहे

फेब्रुवारी २०२३मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप केला. मागण्या आश्वासित प्रगती योजनेच्या, वेतनाच्या थकबाकीच्या होत्या. अनेक परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. नगण्य माणसांनी हात काढून घेतल्यावर परीक्षा थांबल्या, एवढं त्यातून सिद्ध झालं. पण त्या मागण्यांत आम्ही कंत्राटी बसत नव्हतो, आणि आमच्या संध्याकाळीही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. जादा थांबवायचं असेल तर लेखी आदेश द्या, आदल्या दिवशी. वेळ रजिस्टरला नोंदवा, येण्याची आणि जाण्याचीही. त्या तासांचे पैसे द्या, आणि नसतील देता येत तर तेवढी रजा द्या, कागदावर. रात्री आठनंतर थांबवलेल्या प्रत्येकाच्या घरी जाण्याची सोय करा. कंत्राटदाराने दिलं नाही तर मूळ मालकाने मजुरी द्यायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचं तत्त्व आहे. तेव्हा ‘एजन्सीला विचारा’ हे उत्तर देऊ नका. आणि रिकामी पदं भरा. ही शेवटची मागणी पूर्ण झाली तर आधीच्या चारांची फारशी गरजही पडणार नाही.

तुमच्याकडूनही एक हवं आहे. निकाल लांबला की तुम्ही जरूर ओरडा, तो तुमचा हक्क आहे. पण ‘झोपलेत का’ याऐवजी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात एक अर्ज टाका: परीक्षा विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि गेल्या परीक्षेच्या काळात कार्यालयीन वेळेनंतर कोणाला किती तास थांबवलं, त्याच्या आदेशांच्या प्रती. त्यांनाही उत्तर द्यायला तीस दिवस आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘निरंक’ येईल. ते निरंक जपून ठेवा, कारण त्या शब्दात आमच्या सगळ्या रात्री आहेत.

आता एक कबुली. गेल्या वर्षी विभागात एक नवा मुलगा आला, माझ्यासारखाच एजन्सीकडून. पहिल्या महिन्यात त्याला संध्याकाळी कोणी थांबवलं, माहीत आहे? मी. लेजर माझ्या गळ्याशी आलं होतं. मी त्याच्या टेबलापाशी गेलो आणि अगदी मऊ आवाजात म्हणालो, “जरा थांबतोस का रे? अर्धा तास.” तो थांबला. नाही कसं म्हणणार? मीही कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, यंदाच्या उन्हाळी निकालाच्या वेळी, साहेब पुन्हा पाच पन्नासला आले. या वेळी मी म्हणालो, “साहेब, थांबतो. पण लेखी द्या.”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावरही वरून कोणी तरी तसाच मऊ आवाज लावतं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “लेखी कशाला? आपण घरचेच ना.” मी डबा पिशवीत टाकला. नव्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही कॉम्प्युटर बंद केला. मामांनी त्या दिवशी सव्वासहाला कुलूप लावलं.

ते काम आम्ही सोमवारी दुपारी एकपर्यंत पूर्ण केलं. निकाल एक्केचाळिसाव्या दिवशी लागला.

माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते.